बंद पडले, पण दोष माझा नव्हता

मी भर रस्त्यात बंद पडणारी गाडी बोलतेय. बंद पडणारी म्हणजे मेलेली नव्हे, एवढं आधी ध्यानात घ्या आणि मग पुढचं ऐका.

कारखान्यातून बाहेर पडले त्याला सव्वीस वर्षं झाली. पहिल्या मालकाने मला नुसतं मिरवलं, दुसऱ्याने पोती वाहायला लावलं आणि मग मिळाली ती सिस्टर. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, हे तिचं काम. रोज सकाळी नऊ घरं. पहिल्या चौदा वर्षांत मी तिला एकाही दारी उशिरा पोचवलं नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

गेल्या वर्षी मात्र मी बंद पडू लागले. निघाल्यावर अर्ध्याएक तासाने दम कोंडायचा, दोन-तीन आचके यायचे आणि इंजिन गप्प. दहा मिनिटं उभी राहिले की पुन्हा ठणठणीत. गॅरेजात तर पहिल्याच किल्लीला सुरू. मग मेकॅनिक सिस्टरकडे असा बघायचा, की हिलाच चालवता येत नसावी. एकाने प्लग बदलले. दुसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला. तिसऱ्याने कार्बोरेटर उघडून धुतला आणि माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "वय झालं हो हिचं."

माझं वय काढणारा हा कोण? खाली बसताना त्याचे स्वतःचे गुडघे कटकट वाजत होते, ते मी ऐकलं होतं.

त्यात घरी सिस्टरचे यजमान होतेच. हे निवृत्त चित्रकला शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात. गळका नळ असो, करकरणारं दार असो, कुणाला न विचारता स्वतःच दुरुस्त करायची त्यांना भारी हौस.

"शनिवारी भंगारवाला येतोय," सरांनी जाहीर केलं.

"अहो, आणि माझे पेशंट?"

"पुरे झालं आता. घरी बस."

दुसऱ्या दिवशी सिस्टर माझ्या स्टीअरिंगवर डोकं टेकवून बसली. तेव्हा मला कळलं, शनिवारी एकटी मीच मोडीत निघणार नव्हते.

शुक्रवारी तिने चौथा मेकॅनिक बोलावला. म्हातारा, जाड चष्म्याचा. त्याने बॉनेट उघडलंच नाही. म्हणाला, "ताई, ही बंद पडते तेव्हा मी नको का तिथं? चला, तुमच्या फेरीलाच येतो." आणि खरोखरच पट्ट्यांची पेटी मांडीवर घेऊन शेजारी बसला.

चौथ्या घराच्या अलीकडच्या वळणावर मी गुदमरले. चष्मेवाला खूश झाला. माझ्या बंद पडण्यावर खूश झालेला हा पहिलाच माणूस. त्याने उतरून टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सैल होताच टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली.

"लावा किल्ली."

मी लगेच सुरू झाले. दहा मिनिटं थांबायची गरजच पडली नाही.

झाकणाच्या आत सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा चिकटवलेला होता. "झाकणाला बारीक भोक असतं, ताई," चष्मेवाला म्हणाला. "पेट्रोल कमी होईल तशी त्यातून हवा आत जाते. ते कुणीतरी बुजवलंय. हवाच आत गेली नाही, तर पेट्रोल इंजिनाकडे जाणार कसं?"

सिस्टरने तो तुकडा बोटांत धरून बघितला. इतका सुबक गोल आमच्या घरात एकच माणूस कापतो.

घरी तिने तो सरांसमोर ठेवला. सरांचा चेहरा उतरला. "तुला पेट्रोलच्या वासाने मळमळायचं ना, म्हणून लावला होता."

"मग मला सांगितलं का नाही?"

"एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?"

"त्या एवढ्याशा गोष्टीपायी तुम्ही माझं काम बंद करायला निघाला होता." तिने आवाज चढवला नाही.

मला सरांचा राग आला आणि अजून तो गेलेला नाही. मायेने नाक दाबलं तरी जीव जायचा तो जातोच.

शनिवारी भंगारवाला आला आणि माझ्याभोवती फिरून पत्रा ठोकून बघू लागला. सिस्टर पेटी घेऊन बाहेर आली.

"गाडी द्यायची नाही," ती म्हणाली.

"बाई, इतकी जुनी गाडी. आज ना उद्या देणारच ना?"

"उद्याचं उद्या बघू. आज पेशंट वाट बघतायत."

तिने किल्ली फिरवली.

म्हणून म्हणते, चालता चालता कुणी अडखळलं, तर लगेच त्याचं वय काढू नका. त्याचा श्वास कुठे कोंडलाय ते आधी बघा, आणि जमलं तर त्याच्याबरोबर चार पावलं चालून बघा. मोडीत जायला मी भीत नाही. दिवस भरले की जाईन. पण दुसऱ्याच्या चुकीपायी जाणार नाही. आता सरका बाजूला, सिस्टरला उशीर होतोय.