खालच्या दोन ओळी

नाम्गुंग ओक्रानबाईंनी मेजवानीचे छापील कार्ड डोळ्यांजवळ नेले. प्राचीन कोरियातल्या कोगुर्यो राज्याच्या एका सेनापतीने चौदाशे वर्षांपूर्वी शिळेवर कोरवलेली सहा ओळींची कविता इथे चारच ओळींची झाली होती. चिनी शत्रू बुडाला, नदी त्याच्या निशाणांनी भरली, आणि कविता संपली. ती झिजलेली शिळा वाचण्यात बाईंची उमेदीची सारी वर्षे खर्ची पडली होती.

"खालच्या दोन ओळी कुठे गेल्या, सांगु?"

प्यो सांगु त्यांचा जुना विद्यार्थी. आता परराष्ट्र खात्यातला बडा अधिकारी. तो कमरेत वाकला. "बाई, जागा नव्हती."

"राष्ट्राच्या अभिमानाला पुरली ना?"

"समोर चिनी पाहुणे बसणार. उद्या त्यांच्याशी जुन्या सीमांच्या इतिहासावर बोलणी आहेत. आपला सेनापती शत्रूसाठी रडतो, हे कशाला दाखवायचं? तुम्ही फक्त मानाच्या जागी बसा. तुमचं शिळेवरचं पुस्तक खातंच छापणार आहे."

"म्हणजे तेही चार ओळींचंच."

सांगुने त्यांच्यासाठी खुर्ची मागे ओढली.

बाई बसल्या. त्यांना शोभेला बसवताना सांगुला एका गोष्टीचा विसर पडला होता: पंक्तीतल्या सर्वांत वडील माणसाने चमचा उचलल्याखेरीज मंत्र्यालाही घास घेता येत नाही. चार ओळी वाचल्या गेल्या, टाळ्या पडल्या, बरगड्यांचे वाफाळते सूप आले. बाईंचे हात मांडीवरच राहिले. यजमान मंत्री खाकरले.

"बाई, चमचा!" सांगु कानाशी कुजबुजला. "अब्रू जाईल हो."

"कविता संपल्याशिवाय मी जेवत नाही."

समोरच्या एका वृद्ध चिनी पाहुण्यांनी दुभाष्याला विचारले, "आजींना जेवण आवडलं नाही का?"

बाईंनी कार्ड उलटे केले, शिळेवरच्याच जुन्या चिनी लिपीत दोन ओळी लिहिल्या आणि दोन्ही हातांनी ते पुढे केले. *त्यांच्या आयांचा टाहो वाऱ्यावर येतो. माझीही अशीच रडली असती.*

पाहुणे बराच वेळ वाचत राहिले. मग कार्ड खिशात ठेवून आपल्या भाषेत हलकेच म्हणाले, "आमच्याकडेही एक शिळा आहे, आजी. तिच्या खालच्या ओळींवर आम्ही गवत वाढू दिलंय."

दुभाष्याने सांगुकडे पाहिले. सांगुने मान नकारार्थी हलवली.

"पाहुणे म्हणतात, कविता फार तेजस्वी आहे."

पुन्हा टाळ्या पडल्या. सांगुला चिनी भाषा बाईंनीच शिकवली होती. त्याने त्यांच्याकडे पाहायचे टाळले.

मंत्र्यांनी आशेने बाईंच्या चमच्याकडे नजर टाकली. तो जागचा हलला नाही. सूपावर चरबीची साय धरली.