टोचणारी डबी

आमच्या ह्यांनी खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत ॲम्प्लिफायर बसवला. खिशात मावेल एवढा. एका बाजूने मोबाइलची वायर आत, दुसऱ्या बाजूने हेडफोन, पोटात चौकोनी बॅटरी. आवाजाचं बटण एका मेलेल्या रेडिओचं काढून लावलेलं, त्यामुळे डबीपेक्षा बटणाचाच तोरा जास्त.

जन्मभर ह्यांनी रेडिओच दुरुस्त केले. सोल्डरिंगच्या धुराने नाक केव्हाच कामातून गेलं होतं. अत्तर आणि रॉकेल त्यांना सारखंच. पण कान शाबूत. म्हणून आमच्या घरी गॅस हुंगून बघायची नाही, ऐकून बघायची पद्धत पडली. झोपायच्या आधी हे शेगडीपाशी वाकायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, “शांत आहे.” तो शब्द कानावर पडला की मी पाठ टेकायची. लग्न झाल्यापासून माझी झोप त्या शब्दावर होती.

डबी तयार झाली तेव्हा त्यांनी हेडफोन माझ्याच डोक्यावर चढवले.

“ऐक. आणि खरं सांग हं. बायको म्हणून नको सांगूस.”

एक बाई गात होती, सोबत बासरी. खालचे सूर इतके भरीव होते की बाई शेजारी बसल्यासारखी वाटली. तिने श्वास घेतला तोही कळला. पण ‘स’ आला की कानात टाचणी टोचावी तसं व्हायचं, आणि बासरी वर चढली की मी डोळे मिटून घ्यायची. या सगळ्याच्या पाठीमागे एकसारखं सूं... चाललेलं.

“पाठीमागे बघ किती शांत आहे!” हे म्हणाले. “आणि बासरी? आजवर ती मला इतकी स्पष्ट कधी ऐकू आलीच नव्हती.”

मी म्हटलं, “छान आहे.” मला वाटलं, यंत्रातलं मला काय कळतंय.

मग त्यांनी खालच्या शिंप्याला बोलावलं. त्याने हेडफोन लावले आणि झटक्यात काढले.

“अहो काका, हा ॲम्प्लिफायर आहे का माझं मशीन? थेट मेंदूला टाके घालतोय!”

“तुझे कान सुती कापडाचे आहेत,” हे चिडून म्हणाले.

“असतील. पण धुतलेले आहेत,” शिंपी म्हणाला आणि जिना उतरून गेला.

ह्यांना ते लागलं. डबी पुन्हा उघडली, आतले भाग बदलले. मला वाटलं आता टाचण्या बोथट होतील. कसलं काय, त्या अजून धारदार झाल्या. हे मात्र खूश. “आत्ता कुठे मोकळं वाटतंय,” म्हणाले.

त्यांचं टेबल स्वयंपाकघरातच, खिडकीशी. एका सकाळी काम करता करता म्हणाले, “हल्ली चिमण्या फिरकत नाहीत गं इकडे.”

मी भाजी निवडत होते. मान वर केली. चिमणी त्यांच्या पाठीमागे गजावर बसली होती, चोच वासून, घसा ताणून ओरडत होती. हातभर अंतरावर.

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. टाचण्या, ते सूं, ह्यांचं ते ‘पाठीमागे किती शांत’, सगळं एकदम उलगडलं. बारीक आवाज ह्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. पोचावेत म्हणून ते डबीत वाढवत चालले होते, आणि डबी सुधारतेय असं समजत होते. मग पुढचा विचार आला. ते रोजचं “शांत आहे”! ते कुणाच्या भरवशावर?

सांगायला हवं होतं. पण ज्याचं सगळं आयुष्य कानावर उभं, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी ती भीती एकटीनेच सांभाळायला लागले. ते शेगडीला कान लावून झोपायला गेले की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायची आणि तिथेच कान लावायची. बाहेर गेले तरी जीव शेगडीत. लेकीने फोनवर विचारलं, “आई, आवाज का असा तुझा?” म्हटलं, “काही नाही गं, बाबांची डबी ऐकून कान दुखतायत.”

त्या दुपारी मी दळण आणायला गेले. जाताना बजावलं, “चहा करून घ्या, पण लक्ष ठेवा.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

परत आले, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले. वास घशात शिरला. पाठोपाठ आवाज. सूं... तोच, डबीतला, पण आता खोलीभर. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती. पलीकडे हे पाठमोरे बसले होते. हेडफोन गळ्यात, कान मोकळे.

“आलीस?” न वळताच म्हणाले. “थांब, एवढा एक डाग देतो, मग ऐकवतो.” आणि सोल्डरिंगचं बटण चालू करायला हात भिंतीकडे नेला.

“हात लावू नका!”

असा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. त्यांचा हात हवेत राहिला.

“काय झालं गं?”

“गॅस. तुमचा गॅस चालू आहे.”

त्यांनी शेगडीकडे पाहिलं. डोकं तिरकं केलं, कान तिकडे केला, अगदी रोजच्यासारखा. मी बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

“आवाज तर नाही येत,” ते म्हणाले. हळू, लहान मुलासारखं.

मी पिशवी टाकली, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून बाहेर जिन्यात आणलं. पायरीवर दोघं बसलो. मग त्यांनी विचारलं,

“चिमण्या येतात?”

“रोज.”

“आणि डबी?”

“टोचते हो.”

वास पुरता गेल्यावर त्यांनी डबी उघडली, हेडफोन माझ्या कानांवर ठेवले आणि भाग बदलत राहिले. “आता?” “टोचतंय.” “आता?” “थोडं कमी.” शेवटी बाईचा ‘स’ मऊ झाला, बासरी वर जाऊनही गोड राहिली आणि पाठीमागचं सूं विरलं. मी मान हलवली. मग त्यांनी स्वतः ऐकलं. बासरी वर चढायची जागा आली, तेव्हा त्यांची नजर कुठेतरी रिकामी झाली. ती जागा संपून बाई परत गायला लागेपर्यंत ते वाट बघत बसले.

“तू म्हणतेस तर बरोबर,” म्हणाले आणि डबीचं झाकण लावलं.

झोपायच्या आधी सवयीने शेगडीशी वाकले. अर्ध्यातच थांबले, बाजूला झाले. मी कान लावला.

“शांत आहे,” मी म्हटलं.

त्यांनी पाठ टेकली आणि लगेच घोरायला लागले. मी मात्र जागी होते. माझेही कान काही तरुण नाहीत. अंधारात डोळे उघडे ठेवून मी ऐकत राहिले, आणि काहीच ऐकू येत नव्हतं.