बोटीची किल्ली

निवृत्तीनंतर श्रीधरने हौसेने घेतलेली शिडाची बोट होती स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, आणि तो राहत होता ओसाकात. हिवाळाभर ती कुठल्या मरीनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर, ठेवायची यावर बरीच डोकेफोड करून झाली, तेव्हा दोन जागा उरल्या. एकीकडे कॅमेरे, कुलूपबंद फाटक आणि परक्याला मज्जाव. दुसरीकडून उत्तर आलं, की शेजारच्या बोटीवर एक बाई बारा महिने राहतात. किल्ली त्यांच्याकडे ठेवा, वादळात दोरांकडे त्या बघतील.

"अनोळखी बाईकडे किल्ली? हा काय कारभार?" श्रीधर वैतागला.

त्याची बायको भानुमती कचऱ्यातले डबे आणि बाटल्या वेगळ्या करत होती. "वादळात कॅमेरा दोर आवळणार आहे का?" ती म्हणाली. "डोंबिवलीत आपली किल्ली कायम समोरच्या वैद्यांकडे असायची. तुम्हीच तर नेऊन द्यायचात."

ते त्याला पटलं. त्याने दुसऱ्या मरीनाला होकार कळवला, आणि बोट तिथे नेऊन लावायला दोघांनीही जायचं ठरलं.

"मग या घराची किल्ली कोणाकडे द्यायची?" भानुमतीने विचारलं.

श्रीधर शेजारच्या भिंतीकडे बघत राहिला. पलीकडच्या जोडप्याला तो वीस वर्षं लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करत आला होता. त्यांचं आडनाव त्याला माहीत होतं, तेही दारावर पाटी होती म्हणून.