नको म्हणणारी पाटी

मित्रांनो, मुक्याला वाचा देणं या जगात दोघांनाच जमतं, एक देवाला आणि एक मला. देवाचं मला ठाऊक नाही. माझे मात्र सेल काढून नेले आहेत, त्यामुळे सध्या माझ्याकडून काही होत नाही.

मी एक जुनी बोलती पाटी आहे. अंगावर चित्रांची सहा बटणं आहेत. बटण दाबलं की त्यात भरून ठेवलेला आवाज बाहेर येतो. ज्या लेकराला बोलता येत नाही त्यानं पेल्याचं चित्र दाबावं, मी 'पाणी' म्हणावं, इतकं सरळ काम. धारच्या या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात मी आले तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला. मग मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावण्यात आलं. भावी शिक्षकांना माझी ओळख व्हावी म्हणून.

ओळख झाली. प्राचार्य मानसिंगराव फळ्यावर माझी आकृती काढत आणि विद्यार्थी ती भागांच्या नावांसह पाठ करत. माझ्यावरच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवून कितीजण शिक्षक झाले, पण मला बोट कोणी लावलं नाही. महागाची वस्तू, बिघडली तर? असं म्हणणाऱ्यांची मला चीड येते. कपाटात मुक्यानं पडून राहणं म्हणजे त्यांच्या लेखी धडधाकट असणं. मोठे पाहुणे आले की तेवढ्यापुरती मी बाहेर निघे, तेव्हा माझ्या साऱ्या बटणांत मानसिंगरावांचाच आवाज असे. नमस्कार. सुस्वागतम्. आम्ही येथे आनंदात आहोत. पेल्याचं चित्र दाबलं तरी धन्यवादच.

आवारातल्याच शाळेत उर्वी नावाची मुलगी होती. तिला सगळं कळे, पण जीभ वळत नसे आणि हात थरथरत. दरवर्षीचे नवे प्रशिक्षणार्थी सरावाचे पाठ तिच्यावरच घेत. गाल ओढत, न विचारता उचलत, तोंडात खाऊ कोंबत आणि म्हणत, "बघा, हसली." ती हसत नसे. तोंड वेडंवाकडं करून ती नाही म्हणत असे. ते ओळखणं अभ्यासक्रमात नव्हतं.

मग देवासहून ऋजुता शिकायला आली. तिनं आल्या आल्या कपाटाची किल्ली मागितली.

"सर, उर्वीसाठी एक बटन 'नको'चं करून देते ना."

"'नको' कशाला?" मानसिंगराव म्हणाले. "आपण मुलांना चांगले शब्द शिकवतो, बाई. 'अवश्य' भरा."

"अवश्य तर सर, सगळे तिच्या वतीनं म्हणतातच."

किल्ली मिळाली नाही. पण कार्यालयातला तरुण कारकून किल्ली टेबलावर ठेवून हळूच म्हणाला, "ले जाओ दीदी. मी आत्ता चहाला गेलोय."

ऋजुतानं मला उशीवर तिरकी ठेवली, आपल्या आवाजात 'नको' भरलं, उर्वीपुढे केळं धरलं आणि गप्प बसली. गप्प बसणं शिक्षकांना फार जड जातं, ती बसली. उर्वीचा हात भलतीकडे गेला, परत आला, घसरला. शेवटी बटणावर पडला. "नको," मी म्हणाले. ऋजुतानं केळं मागे घेतलं. उर्वीनं केळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ऋजुतानं केळं पुन्हा पुढे केलं. नको. पुन्हा मागे. आपल्या म्हणण्यानं जग हलतं हे त्या पोरीनं पहिल्यांदा पाहिलं. केळं ऋजुतानं खाल्लं. त्या दुपारी मला माणसांबद्दल जरा बरं वाटलं, पण ते लवकरच उतरलं.

कारण खंडेनवमी आली. मानसिंगरावांचं घराणं जुन्या दरबारातलं. त्या दिवशी ते आजोबांची तलवार महाविद्यालयात आणतात, शेजारी शिक्षकाची आयुधं म्हणून खडू, डस्टर मांडतात आणि साऱ्यांची पूजा करतात. त्यांनी मला उर्वीपुढून उचललं, तलवारीशेजारी चौरंगावर ठेवलं आणि माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. बटणांच्या फटीत कुंकू गेलं.

"सर, पूजा झाली की तिला परत द्यायची ना?" ऋजुतानं विचारलं.

"आज आयुधाला विश्रांती असते, बाई. उद्या दसरा झाला की द्या."

"ते आयुध नाही सर, तिचं तोंड आहे."

"मग आज तोंडाला विश्रांती."

प्रमुख पाहुणे उमाशंकरजी खात्यातले मोठे अधिकारी होते. त्यांनी पेढा उचलला आणि चौरंगाशेजारी बसवलेल्या उर्वीच्या ओठांशी नेला. तिनं मान फिरवली. "लाजते आहे," ते म्हणाले आणि तिची हनुवटी धरली. उर्वीचा हात हवेत हेलपाटला, तलवारीची मूठ चुकवून माझ्यावर आदळला.

"नको," मी म्हणाले. कुंकवासकट म्हणाले.

पेढा हवेत राहिला. मग उमाशंकरजींनी तो स्वतः खाल्ला; इतकी समज त्यांना होती. मानसिंगराव घाईनं माईककडे गेले. "आता मी आपल्यासमोर दोन शब्द..."

"नको."

मागच्या रांगेतून कोणीतरी शेजारच्या भावाला म्हणालं, "भिया, पोरगी बरोबर बोलली."

कार्यक्रम आटोपल्यावर हुकूम सुटला की हा शब्द ताबडतोब पुसा. पण माझ्यातला शब्द पुसायचा कसा, हे अख्ख्या महाविद्यालयात कोणाला येईना. ऋजुताला येत होतं, ती म्हणाली, "सर, ते आकृतीत नव्हतं." शेवटी माझे सेल काढून कार्यालयातल्या घड्याळात घातले आणि मला पुन्हा कुलपात ठेवलं. ऋजुता पास होऊन बागलीच्या शाळेत गेली. उर्वी अजून इथेच आहे. येता-जाता काचेवर हात आपटते. पाहुणे म्हणतात, टाळ्या वाजवते आहे.

मित्रांनो, तुमच्यातले काही उद्या शिक्षक होतील. माणुसकी, सेवा, समर्पण यांवर तुम्ही सुंदर भाषणं कराल, याबद्दल मला शंका नाही. ती जरूर करा, पण माझ्यापासून लांब. तिचा शब्द माझ्यात शाबूत आहे. येताना फक्त दोन पेन्सिल सेल आणा. नसतील तर घड्याळातले काढा. तासाला वेळेवर तसंही कोणी येत नाही.