देव म्हणाला, एकेकाला सोडा

त्या वर्षी वांग-ये देवाच्या वाढदिवसाची शर्यत भरवायची की नाही, यावरून देवळाच्या मंडळात चांगलीच जुंपली. रोगराई हाकलणं हेच या देवाचं काम, आणि साथीच्या भीतीने त्याच्याच दाराला कुलूप!

"देवालाही रजा लागते," अध्यक्ष बूनकी काका म्हणाले. "पुढल्या वर्षी बघू."

मंडळातल्या लीचूला पुढलं वर्ष परवडणारं नव्हतं. तिचे बाबा, आ-तोंग, उभा जन्म या शर्यतीची काशाची थाळी वाजवत आले होते. हिवाळ्यात आई गेली, पाठोपाठ साथ आली, वडाखालचा बुद्धिबळाचा अड्डा मोडला आणि बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. माशाची पेज पुढ्यात गार व्हायची. 'उठा की' म्हटलं, की म्हणायचे, 'उठून काय करू?' त्यांना उठवेल अशी एकच गोष्ट उरली होती: ही शर्यत.

"मग देवालाच विचारू," ती म्हणाली. आता नाही म्हणायची कुणाची बिशाद?

मास्क लावलेले पाच जण देवळात लांबलांब उभे राहिले. लीचूने कौलाच्या दोन लाकडी फाका हातात घेतल्या. एक उताणी, एक पालथी पडली की देवाचा होकार.

"दोनशे जण पळवू?" दोन्ही पालथ्या.

"शंभर?" पालथ्या.

"बरं, पन्नास?" दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देवाला हसू आलं होतं.

"हसेल नाही तर काय!" काका म्हणाले. "मासळीबाजारात असल्यासारखी घासाघीस चाललीय तुझी."

लीचू कावली. "मग काय एकेकाला सोडू?" म्हणत तिने फाका जवळजवळ फेकल्याच. एक उताणी, एक पालथी. काकांनी खात्रीसाठी पुन्हा टाकायला लावल्या, तरी तेच.

"एकेक? अगं, अख्खा दिवस जाईल!"

"जाऊ दे की," लीचू म्हणाली आणि घराकडे सुटली. थाळी वाजवायची आणि पळणाऱ्याचं नाव, घर देवाला ओरडून सांगायचं, ही गावची रीत. आता ती प्रत्येकासाठी वेगळी पाळावी लागणार होती.

"बाबा, दिवसभर थाळी वाजवायचीय."

"बूनकीला सांग."

"सांगितलं. ते आनंदाने तयार झालेत." हे धादांत खोटं होतं.

बाबांनी मान वळवली. "बूनकी? ताल कशाशी खातात ते ठाऊक आहे का त्या बोक्याला? देव देऊळ सोडून जाईल!" मग खुर्चीतून उठत, "माझा निळा सदरा कुठे ठेवलास?"

वाढदिवसाला उजाडताच थाळी घुमली. लोक आपापल्या दारात तयार उभे. ज्याची पाळी, त्याला फोन जायचा. देवळापासून मिठागराच्या बांधापर्यंत जाऊन परत यायचं.

"तलावाकडचा आ-हाई!" बाबा ओरडत. "पोट सुटलंय देवा, पण पाय धड आहेत!" कालवं विकणाऱ्या जावा-जावांना त्यांनी मुद्दाम पाठोपाठ सोडलं, तेव्हा धाकटी अशी पळाली की बघणाऱ्यांनी खिडक्यांतून पातेली बडवली. गर्दी मोजायला हवालदार आला. एक थाळीवाला आणि एक पळणारा बघून त्याला काय लिहावं कळेना. बाबांनी त्याचं नाव विचारलं आणि त्यालाही पळवलं.

दुपारी काका म्हणाले, "आ-तोंग, दमलास. दे इकडे थाळी." बाबांनी ती पाठीमागे लपवली.

ऊन उतरलं. शेवटचा माणूस परत आला. लीचू रस्त्याकडेला बांधलेल्या दोऱ्या गुंडाळायला वाकली, तेवढ्यात थाळी पुन्हा वाजली. तिने चमकून पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

बाबा देवळाकडे तोंड करून ताठ उभे होते. आवाज पार बसला होता, तरी त्यांनी जीव खाऊन हाक दिली.

"आ-तोंगच्या घरची लीचू! माझी मुलगी, देवा! हळू पळते, जरा सांभाळून घे!"

लीचूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शाळा सुटल्यापासून ती बससाठीसुद्धा पळाली नव्हती.

"बघतेस काय? पळ की!" बाबा खेकसले. "आणि लवकर ये. मला भूक लागलीय."