केटोच्या बाजूने

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या डॉक्टर गिरीशना त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, आश्लेषाने, ऐन नाश्त्याला सांगितलं की तिला मेडिसिन करायचं नाही, प्राचीन ग्रीस-रोम शिकायचंय. सोमवारी शाळेला काय ते कळवायचं होतं. झालं! पोहे निवले आणि डॉक्टर तापले. मेलेल्या ग्रीकांनी कुणाचं पोट भरलंय, हा त्यांचा एकच धोशा. त्यांची बायको सुलक्षणा मुकाट्याने चहा ओतत राहिली, कारण दोन्हीकडून बोलणी खायची तिची तयारी नव्हती.

आश्लेषा बापाचीच लेक. तिने भांडण सोडून गोष्ट सांगायला घेतली. अथेन्सचे तीन तत्त्वज्ञ दूत म्हणून रोमला आले. त्यातला कार्निआडिस पहिल्या दिवशी न्यायाच्या बाजूने असा काही बोलला की रोमची तरुण पोरं खुळावली. दुसऱ्या दिवशी त्याच तोंडाने त्याने आपलेच मुद्दे खोडून काढले. रोमचा म्हातारा पुढारी केटो हादरला. यांचं काम उरका आणि यांना घरी धाडा, नाहीतर आपली पोरं बिघडतील, असं त्याने सभेला बजावलं.

डॉक्टर खूश. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या बाजूचं भेटलं होतं, तेही रोमन! शहाणा माणूस, असं त्यांनी सर्टिफिकेट देऊन टाकलं.

"मग मी पण तसंच करते," आश्लेषा म्हणाली. "आज तुमची बाजू, उद्या माझी."

डॉक्टर हाताची घडी घालून बसले. होऊन जाऊ दे म्हणाले. आश्लेषा समोर रोमची सभाच बसल्यासारखी उभी राहिली.

"केटो आपल्या मुलाला सांगायचा, ग्रीक डॉक्टरांपासून लांब राहा, ते आपल्याला मारायला आलेत. बाबांना पहिल्या जॉबमध्ये एका पेशंटने हात लावू दिला नाही. आमच्यातला डॉक्टर आणा म्हणाला. आईने सांगितलं मला. तरी बाबा इथेच राहिले. त्यांना वाटतं, मुलगी इथली आहे, तिला कोणी असं म्हणणार नाही. म्हणून तिने डॉक्टर व्हायला पाहिजे. ते हट्ट नाही करत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मार्क, नोकरी, पेन्शन, चार लोकांतला मान, सगळं त्यांनी आजवर पुढे केलं होतं. हे मात्र स्वतःशीसुद्धा कधी धड बोलले नव्हते. पोरीने एका दमात मांडलं. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

आश्लेषाचा चेहरा मात्र पडला. आपल्याच हाताने आपण हरलो, असं तिला वाटलं असणार.

"उद्या माझं ऐकाल ना, बाबा?"

"उद्याचं राहू दे," डॉक्टर म्हणाले. "हे तुला ज्यांनी शिकवलं, ते ग्रीकच सोमवारी कळव."