काचेवरचा लाल रंग

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. तीन पायांचा, डोक्यावर काळं फडकं घेणारा. माझ्या सागवानी अंगाचं एके काळी फार कौतुक व्हायचं. आता कल्याणच्या एका स्टुडिओच्या माळ्यावर धूळ खात पडलोय. त्याचं काही नाही. मला ओरडायचंय ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

त्रेपन्न सालच्या नवरात्रात, दुर्गाडीच्या जत्रेत माझे मालक परशुराम यांनी डोंबिवलीच्या भाऊंचा सहकुटुंब फोटो काढला. त्याच दुपारी खाडीवरच्या शेवंती कोळिणीची लहानगी जनी तिथून हरवली.

दसरा झाल्यावर शेवंती स्टुडिओत आली. भाऊ आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई फोटो न्यायला आलेच होते.

"बाय, तुमी फोटोला बसलेल्या. खाडीला सुकती लागलेली, पानी वसरत व्हतं, वारा तुमच्या पाठीवर. मागं बैलगाडी व्हती, एका बैलाचं शिंग मोडकं. जनी चाकाजवळ व्हती. मी टोपली उतरवाया वाकले, तवर गाडी नाय, पोर नाय. गाडीवाल्याचं तोंड तेवढं मना आठवत नाय."

"फ्रॉक कुठल्या रंगाचा होता?" भाऊंनी विचारलं.

"नाय ध्यानात."

"घ्या! पोटच्या पोरीचा फ्रॉक आठवत नाही, बैलाचं शिंग आठवतं!"

प्रमोदिनीबाईंना लेकीच्या, हेमाच्या परकराचे काठ आठवत होते, भाऊंच्या टोपीची घडी आठवत होती. "अगं, आमच्या मागे काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. खाडीवर वाढलेलं माणूस आधी पाणी, वारा, आजूबाजू बघतं. नाही बघितलं तर बुडतं. बाईंच्या घरात लहानपणापासून माणूस तेवढा बघायला शिकवलेलं. तोही आपल्यातलाच.

भाऊंनी फोटो पुढे धरला. मागे सगळं पांढरंशुभ्र. "बघ. आहे का गाडी?"

शेवंती त्या पांढऱ्यावरून बोट फिरवत राहिली. "मंग मना येड लागलं का?"

परशुराम मान खाली घालून पावती लिहीत राहिले. गिऱ्हाइकाला मागची गर्दी नको असते, म्हणून त्यांनीच काचेवर, म्हणजे फोटोच्या निगेटिव्हवर, कुंचल्याने लाल रंग फासला होता. रंग फासला तेवढा भाग कागदावर पांढरा उमटतो. गाडी त्यांनीच झाकली, आणि त्यांना ते ठाऊक होतं. पण भाऊंना अजून प्रती हव्या होत्या. रंग काढला तर फोटो बिघडेल, गिऱ्हाईक तुटेल. थू असल्या धंद्यावर!

"येड लागलं मना," असं पुटपुटत शेवंती जिना उतरली. पुन्हा आली नाही.

मित्रांनो, मला कोणी काय बघायचं ते शिकवलं नाही. समोर होतं ते सगळं मी घेतलं. टोपी, काठ, शिंग, जनी, आणि गाडीवाल्याचं तोंड. ती काच माझ्या शेजारच्या पेटीत अजून आहे. तो रंग पाण्याने निघतो.

माझी धूळ झटकू नका. मी कुजलो तरी चालेल. आधी ती काच धुवा.